कॉखच्या सुईने उठलेली सूज

ऑगस्ट १८९० मध्ये बर्लिनच्या वैद्यकीय परिषदेत रॉबर्ट कॉखने जाहीर केलं, की क्षयजंतूंची वाढ रोखणारा पदार्थ आपल्याला सापडला आहे. आठ वर्षांपूर्वी हा जंतू त्यानेच शोधला होता. त्यामुळे त्याच्या शब्दावर शंका कोण घेणार? नोव्हेंबरात त्याचा लेख छापून आला आणि बर्लिनकडे रुग्णांची रीघ लागली.

हा पदार्थ, म्हणजे ट्युबरक्युलिन, टोचला की काही तासांत रुग्ण तापाने फणफणे, थंडीने कुडकुडे. त्वचेचा क्षय असेल तर व्रणाभोवतीची कातडी लालभडक सुजे. निरोगी माणसाला मात्र तेवढ्याच मात्रेने फारसं काही होत नसे. कॉखला या भडक्यात इलाज दिसला. पण विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ विरखोने दगावलेल्या रुग्णांची शवविच्छेदनं केली, तेव्हा जुन्या गाठींभोवती ताजा दाह आणि नव्याने पसरलेला क्षय आढळला. जानेवारी १८९१ मध्ये कॉखने औषधाचं गुपित फोडलं: जंतूंच्या वाढीतून ग्लिसरीनने काढलेला तो अर्क होता.

औषध म्हणून ते फसलं, पण सूज कामाला आली. १९०७ मध्ये व्हिएन्नात पिर्केने ते त्वचेवर ओरखडा काढून वापरलं, पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये माँटूने त्वचेच्या थरात टोचलं. दोन-तीन दिवसांनी उठणारी गाठ मोजायची, म्हणजे शरीराची क्षयजंतूशी गाठ पडली आहे का ते कळे.

ही सूज आणतं कोण? १९४५ मध्ये न्यूयॉर्कच्या मेरिल चेसने क्षयजंतूंनी संवेदनशील झालेल्या गिनी पिगच्या पेशी दुसऱ्या गिनी पिगमध्ये सोडल्या आणि त्यालाही ट्युबरक्युलिन बाधू लागलं. रक्तद्रवाने तसं होत नव्हतं. म्हणजे सूज पेशी आणत होत्या.

शरीराच्या बचावातल्या पेशी एकमेकींना रसायनांतून निरोप धाडतात. जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशी त्याच्या आवरणातले रेणू ओळखतात आणि टीएनएफ, इंटरल्युकिन-१ आणि इंटरल्युकिन-१२ सोडतात. टी पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) उलट इंटरफेरॉन-गॅमा पाठवून त्यांना अधिक आक्रमक करतात. प्रमाण बिघडलं, तर याच दाहात फुप्फुसाचं ऊतक विरघळून पोकळ्या पडतात. यातलं टीएनएफ १९७५ मध्ये न्यूयॉर्कला सापडलं, तेही बीसीजी (क्षयाची लस) टोचून मग जिवाणूंचं विष दिलेल्या उंदरांच्या रक्तात. १९८९ मध्ये जिनीव्हातल्या संशोधकांनी उंदरांमध्ये ते अडवलं, तेव्हा बीसीजीला वेढणाऱ्या गाठी धड बनेनात.

टीएनएफ क्षयाला आवरतं, याचा माणसांतला पुरावा अनपेक्षितपणे आला. संधिवातासारख्या दुखण्यांवर टीएनएफ रोखणारं इन्फ्लिक्सिमॅब देऊ लागल्यावर, २००१ च्या एका अहवालात ते घेणाऱ्या ७० जणांना क्षय झाल्याची नोंद झाली. त्यांतल्या ४० जणांचा क्षय फुप्फुसांबाहेरही पसरला होता.