रिओचं निंदण

मराठी विकिपीडियावर मोताळ्यासारख्या तालुक्याच्या गावाचं पान उघडलं की मजकुराशेजारी माहितीची चौकट येते. जिल्हा, लोकसंख्या, अक्षांश-रेखांश. अशा चौकटी कुणी दरवेळी हातानं आखत बसत नाही. त्यांच्यामागे साचे असतात आणि पुष्कळशा साच्यांच्या पोटात लुआ नावाच्या भाषेतला कोड असतो. आपण पान उघडण्याआधीच तो कुठल्यातरी सर्व्हरवर चालून गेलेला असतो. ही भाषा घडली ब्राझीलमध्ये, रिओ द जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात, आणि तिचा कोड आजही तिथूनच सांभाळला जातो. ही त्या सांभाळण्याची वाटचाल.

सुरुवात गरजेतून झाली, आणि ती गरज सरकारी धोरणानं निर्माण केली होती. १९७७ ते १९९२ या काळात ब्राझीलनं परदेशी संगणक आणि सॉफ्टवेअर यांच्या वाटेत मोठे अडसर घातले होते. आपल्याकडेही वारा तोच होता. जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, १९७८ मध्ये आयबीएमनं भारतातून गाशा गुंडाळला, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. विद्यापीठातला टेकग्राफ हा गट पेट्रोब्रास या सरकारी तेलकंपनीसाठी प्रोग्रॅम लिहून देत असे. बाहेरून काही आणणं अवघड, म्हणून लागेल ते घरीच करायची सवय तिथे जडली. कंपनीच्या अभियंत्यांसाठी गटानं दोन छोट्या भाषा केल्या. एक आकडे भरून घेण्यासाठी, तिचं नाव डेल. दुसरी सोल, म्हणजे सूर्य. दोन्ही अपुऱ्या पडू लागल्या तेव्हा १९९३ मध्ये रोबेर्तो इयेरुसालिम्स्की, लुईझ हेन्रिके द फिगेरेडो आणि वाल्देमार सेलेस या तिघांनी एकत्र बसून दोहोंऐवजी एकच भाषा करायची ठरवली. सूर्य झाला होता, म्हणून एका स्नेह्यानं चंद्र सुचवला. लुआ म्हणजे पोर्तुगीजमध्ये चंद्र.

लुआ हा स्वतंत्र उभा राहणारा प्रोग्रॅम नाही, हे इथेच सांगायला हवं. ती सी भाषेत लिहिलेली एक लायब्ररी आहे. दुसऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये ती भाडेकरूसारखी राहते, आणि घरमालक सांगेल तेव्हा लुआतला मजकूर वाचून त्याप्रमाणे काम करते. कमांड देऊन चालवायचा जो ‘लुआ’ मिळतो तोही खरं तर एक लहानसा घरमालकच आहे, काहीशे ओळींचा. पेट्रोब्रासकडे नाना जातीची यंत्रं होती, म्हणून सर्व कोड शुद्ध, सर्वत्र चालेल अशा सीमध्ये लिहायचा दंडक पहिल्या दिवसापासून पडला. पुढे गेम असो, राउटर असो, टीव्हीचा डबा असो, लुआ कुठेही मावली ती या दंडकामुळे.

पहिल्या सार्वजनिक आवृत्तीची गोष्ट जरा गमतीची आहे. जुलै १९९४ मध्ये १.१ बाहेर आली. शिक्षणासाठी फुकट, धंद्यासाठी वाटाघाटी, अशी अट होती. त्यातून एकही व्यवहार ठरला नाही. तिघांनी धडा घेतला आणि फेब्रुवारी १९९५ मधल्या २.१ पासून सर्वांना मोकळीक दिली. डिसेंबर १९९६ मध्ये अमेरिकेतल्या ‘डॉक्टर डॉब्ज जर्नल’ मासिकात त्यांचा लेख आला. तो वाचून लुकासआर्ट्स या गेम कंपनीतल्या ब्रेट मोगिलेफ्स्कीनं त्यांना पत्र धाडलं, आणि १९९८ च्या ‘ग्रिम फॅन्डँगो’त लुआ जाऊन बसली. त्यानंतर गेमवाल्यांची रीघच लागली. २००३ च्या ५.० आवृत्तीपासून एमआयटी लायसन्स आलं. २००७ मध्ये प्रोग्रॅमिंग भाषांच्या इतिहासावरच्या परिषदेत लुआचा प्रवास मांडला गेला. विकसनशील देशातल्या भाषेला त्या व्यासपीठावर जागा मिळाली ती तेव्हा पहिल्यांदा.

पण मला या वाटचालीत रस आहे तो वेगळ्याच कारणानं. आमच्याकडे कपाशी पेरून झाली की डवरणी, आणि डवरा पोचत नाही तिथे निंदण. बीटीचं बियाणं महाग म्हणून विरळणी आता बंद पडत आली. निंदण मात्र चुकलेलं नाही. रिओतली मंडळी तीन दशकं हेच करत आली आहेत.

त्यांचा एक नियम आहे: तिघांचंही एकमत झाल्याशिवाय भाषेत नवं काही शिरत नाही. नंतर घालता येतं, घातलेलं काढणं अवघड, हा त्यामागचा हिशेब. आकडे मोजत जाणारं साधं ‘फॉर’ घ्या. बहुतेक भाषांमध्ये ते पहिल्या दिवसापासून असतं. लुआत ते आलं २००० सालच्या ४.० मध्ये, जन्मानंतर सात वर्षांनी. ‘कंटिन्यू’ लोक अजून मागतात आणि ते अजून मिळालेलं नाही. त्याऐवजी २०११ च्या ५.२ मध्ये ‘गोटू’ मिळालं. ते पाहून कित्येक प्राध्यापकांच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. ५.४ मध्ये राखीव शब्द मोजून २२ आहेत, आणि सगळा कोड सुमारे ३०,००० ओळींचा. यादी असो, कोश असो वा वस्तू, सगळ्यांसाठी ‘टेबल’ ही एकच रचना.

नकार द्यायला त्यांच्याजवळ एक चाळणीही आहे. तिला ते सुईचं नेढं म्हणतात. घरमालक आणि भाडेकरू यांच्यामधला व्यवहार एका चिंचोळ्या दारातून चालतो. किमती एका चळतीवर ठेवायच्या, तिथूनच उचलायच्या. भाषेतली प्रत्येक सोय या दारातून सीच्या बाजूलाही जाता आली पाहिजे. चूक पकडण्यासाठी इतर भाषांमध्ये ‘ट्राय-कॅच’ अशी खास वाक्यरचना असते. वाक्यरचना काही या नेढ्यातून जात नाही. फंक्शन जातं. म्हणून लुआत चूक पकडायला साधं फंक्शन आहे, ‘पीकॉल’. नवख्याला हे ओबडधोबड वाटतं. मलाही वाटलं होतं. पण सी लिहिणारा आणि लुआ लिहिणारा दोघांच्याही हाती तेच हत्यार येतं, हे कळल्यावर तक्रार उरत नाही.

कोड उघडा आहे, तरी काम मात्र दार लावून चालतं. गिटहबवर त्यांचा संग्रह आहे आणि पुल रिक्वेस्ट पाठवू नका असं तिथेच लिहिलेलं आहे. सूचना ऐकून घेतात. पटलेली कल्पना स्वतःच्या हातानं लिहितात. गर्दीतून घडणाऱ्या प्रकल्पांचं कौतुक करणाऱ्यांना हे एककल्ली वाटेल. पण ३०,००० ओळी एकाच हाताच्या वाटतात, हे त्याचंच फळ आहे. चुका ते लपवत नाहीत. बाहेर पडलेल्या आवृत्तीत सापडलेला बग त्या आवृत्तीच्या नावाखाली जाहीर नोंदवतात, तो कसा दिसतो याच्या उदाहरणासह.

या निंदणाची किंमत वापरणाऱ्यांनी मोजली आहे. नवी आवृत्ती आली की जुन्यातलं काही ना काही जातं. २००६ च्या ५.१ मधलं ‘सेटएफएन्व्ही’ हे फंक्शन ५.२ मध्ये गेलं. २०१५ च्या ५.३ मध्ये पूर्णांक वेगळे झाले. परिणामी बरेच घरमालक ५.१ वरच थांबले. माइक पॉलचा लुआजिट, म्हणजे लुआचाच वेगवान अवतार, त्याच पायावर उभा आहे, रेडिस हा डेटाबेसही ५.१ वरच. पायथननं दोनावरून तीनावर जाताना जगाला बारा वर्षं ओढत नेलं, तसं इथे झालं नाही. लुआ इतकी लहान की जो तो तिची प्रत आपल्या घरात ठेवून घेतो आणि वाटेल तितकी वर्षं चालवतो. रिओवाले कुणाला ओढत नाहीत, आणि कुणासाठी थांबतही नाहीत. मला यात थोडी बेफिकिरी दिसते, पण अप्रामाणिकपणा नाही.

विकिपीडिया याच थांबलेल्यांपैकी. १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला तेव्हा तिथे लुआ नव्हती. साच्यांमध्ये महिरपी कंसांची जंगलं होती आणि मोठी पानं उघडायला वेळ घेत. २०१३ मध्ये स्क्रिबुंटो हे जोडकाम आलं आणि विकिपीडियांच्या साच्यांना लुआ मिळाली. अनोळखी लोकांनी लिहिलेला कोड आपल्या सर्व्हरवर चालवायचा, म्हणजे भाडेकरूला खोलीबाहेर पाऊल टाकता येता कामा नये. फाइल उघडणं, नेटवर्कला हात घालणं, सगळं बंद करता येणारी भाषा हवी होती, आणि लहानशा लुआत ते सोपं गेलं. एका पानामागे लुआला १० सेकंद मिळतात. तेवढ्यात आवरलं नाही तर चौकटीच्या जागी लाल अक्षरांत चूक उमटते.

स्क्रिबुंटोत आजही ५.१ आहे. तिची शेवटची दुरुस्ती, ५.१.५, फेब्रुवारी २०१२ ची.