सांगलीच्या शेवटी येन कुठून आला?

जिल्ह्यांची मराठी यादी रिसोर्स फाइल म्हणून प्रोग्रॅममध्येच भरलेली असते. ती चुकीच्या एन्कोडिंगने वाचली, की 'सातारा'तल्या प्रत्येक कान्याच्या जागी पाऊणचा अपूर्णांक डोकावतो आणि 'सांगली'च्या शेवटी जपानी येन आणि युरो येऊन बसतात. साताऱ्यात येन का नाही? सगळी कुळकथा या प्रश्नात आहे.

युनिकोडने १९९१ साली देवनागरीचा क्रम भारताच्या १९८८च्या इस्की मानकावरून घेतला. १९९२ मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ रचलं. खरी मौज पुढे आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात आणि पहिले दोन बाइट ६४ चिन्हांच्या गटाला सामाईक असतात. शून्यापासून मोजलं तर ऱ्हस्व वेलांटी ६३वी, दीर्घ ६४वी. म्हणजे गटाची शीव नेमकी दोन वेलांट्यांमधून जाते! शीव ओलांडली की दुसरा बाइट एकाने वाढतो आणि पाश्चात्त्य कोड पेजवर त्या जागी येन आहे. 'सातारा' अख्खा अलीकडेच राहतो.

डीटीपीवाले म्हणतात, "फॉन्ट गेला." पटत नाही. जुन्या फॉन्टचा मजकूर असता तर तिरकी रेघ डोक्यावर असलेला रोमन 'ए' दर तिसऱ्या जागी हटकून आला नसता.

दुसरा संशयित लॅटिन-१. जावाच्या प्रॉपर्टीज फाइली २०१७च्या नवव्या आवृत्तीपर्यंत त्यातच वाचल्या जात, त्यामुळे संशय रास्त आहे. पण दीर्घ वेलांटीच्या शेवटच्या बाइटला लॅटिन-१ मध्ये दिसणारं चिन्हच नाही. तिथे युरो आहे तो विंडोज-१२५२ मध्ये. युरो दिसला की गुन्हेगार विंडोजचं कोड पेज. मराठीला विंडोजने स्वतःचं जुनं कोड पेज दिलंच नाही. आपल्याकडे हाच अवतार जास्त दिसतो तो बहुधा त्यामुळेच. 'सातारा' दोन्हींत सारखाच बिघडतो, म्हणून साक्ष सांगलीचीच घ्यावी.

बिघडलेला मजकूर उलटा फिरवून सुधारू, या भरवशावर राहू नये. हलन्ताच्या शेवटच्या बाइटला १२५२ मध्ये चिन्ह नेमलेलं नाही. जावा तिथे बदली चिन्ह टाकते आणि 'महाराष्ट्र'मधली जोडाक्षरं कायमची जातात. म्हणून रिसोर्स उघडतानाच यूटीएफ-८ स्पष्ट लिहावं. २०२२च्या जावा १८ पासून तेच गृहीत धरलं जातं, पण जुन्या आवृत्त्या अजून चालू आहेत. चाचणीच्या यादीत 'सांगली' आणि 'महाराष्ट्र' हवेतच. एकटा 'सातारा' पुरत नाही.