‘नंतर’ या शब्दाचा खटला

गीता हरिहरन या इंग्रजीतून लिहिणाऱ्या भारतीय कादंबरीकार साहित्याच्या विद्यार्थ्यांना परिचित आहेत. ‘द थाउजंड फेसेस ऑफ नाइट’ या त्यांच्या पहिल्या कादंबरीला १९९३ साली राष्ट्रकुल लेखक पुरस्कारांतील प्रथम पुस्तकाचा पुरस्कार मिळाला. कायद्याच्या विद्यार्थ्यांना मात्र हेच नाव वेगळ्या कारणाने पाठ असते. त्यांच्यासाठी गीता हरिहरन हे एका खटल्याचे शीर्षक आहे, आणि त्या खटल्याचा सारा विषय एका शब्दाच्या अर्थाचा होता. साहित्याच्या अभ्यासकांनी ज्याकडे हक्काने पाहावे असे हे प्रकरण आपल्याकडे साहित्याच्या वर्तुळात फारसे चर्चिले गेलेले नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

हकीकत साधी आहे. गीता हरिहरन आणि त्यांचे पती यांनी आपल्या अज्ञान मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेण्यासाठी अर्ज केला. पालक म्हणून आईने सही करायची, हे दोघांचे एकमताने ठरले होते. बँकेने अर्ज परत पाठवला. वडिलांची सही आणा, अथवा आई पालक असल्याचे सक्षम अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र आणा, असे सांगण्यात आले. बँकेच्या दृष्टीने यात गैर काही नव्हते. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ याच्या सहाव्या कलमानुसार मुलाचा नैसर्गिक पालक पिता, आणि ‘त्याच्यानंतर’ माता. इंग्रजी मसुद्यातला शब्द ‘आफ्टर’. पिता हयात असताना ‘नंतर’ची वेळ येतेच कुठे?

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याच्या जोडीला वंदना शिवा यांचीही याचिका होती. त्यांच्या घटस्फोटाच्या दाव्यात मुलाच्या ताब्याचा प्रश्न होता, आणि नैसर्गिक पालक आपण एकटेच आहोत हा पतीचा दावा होता. एकीकडे सहमतीने नांदणारे दांपत्य, दुसरीकडे मोडणारा संसार. अडसर मात्र दोन्हीकडे एकच शब्द. १७ फेब्रुवारी १९९९ रोजी निकाल लागला. न्यायालयाने कलम रद्द केले नाही, शब्द निराळ्या रीतीने वाचला. ‘नंतर’ म्हणजे पित्याच्या मृत्यूनंतर असे नव्हे, तर पित्याच्या ‘अनुपस्थितीत’. ही अनुपस्थिती तात्पुरतीही असू शकेल, मुलाबद्दलच्या उदासीनतेमुळे, आजारामुळे अथवा पतिपत्नींच्या आपसातील समजुतीनेही असू शकेल. कलम वाचले आणि आईही वाचली, असे या निकालाचे वर्णन करता येईल.

पण मुळात हा ‘नंतर’ आला कुठून?

त्यासाठी इंग्लंडकडे जावे लागते, कारण आपल्या न्यायालयांनी पालकत्वाची बरीचशी परिभाषा तेथून घेतली. अठराव्या शतकातील विधिपंडित ब्लॅकस्टोन याने अपत्यावर आईची सत्ता काही नाही, तिला केवळ आदर आणि मान मिळावा, असे नमूद करून ठेवले होते. ‘मातृदेवो भव’ म्हणत मोठे झालेल्या आपल्यासारख्यांना ही वाटणी अपरिचित वाटू नये. मखर आईला आणि किल्ली बापाला, ही व्यवस्था काही एका देशाची मिरास नव्हती.

या व्यवस्थेशी पहिली मोठी झुंज दिली तीही एका लेखिकेने. कॅरोलाइन नॉर्टन ही नाटककार शेरिडनची नात, कवयित्री आणि कादंबरीकार. १८२७ साली तिचे लग्न जॉर्ज नॉर्टन याच्याशी झाले. १८३६ मध्ये संसार मोडला आणि नवऱ्याने तीनही मुलगे तिच्यापासून दूर नेले. त्याच वर्षी त्याने पंतप्रधान लॉर्ड मेलबर्न यांच्यावर आपल्या पत्नीशी व्यभिचार केल्याचा दावा गुदरला आणि तो हरला. तरीही मुले त्याचीच राहिली. तिच्या लेखनाची कमाईदेखील कायद्याने पतीची होती. जिच्याकडे शब्दांवाचून दुसरे साधन नव्हते अशा या स्त्रीने मग पत्रके लिहिली, खासदारांना गाठले, आणि १८३९ साली पार्लमेंटने बालकांच्या ताब्याचा कायदा मंजूर केला. सात वर्षांखालील मुलांचा ताबा मिळावा म्हणून आईला अर्ज करण्याची मुभा प्रथमच मिळाली. व्यभिचार सिद्ध झालेल्या आईला मात्र ती नव्हती. कॅरोलाइनला स्वतःला या कायद्याचा उपयोग जवळजवळ झाला नाही. मुले स्कॉटलंडमध्ये ठेवलेली होती आणि तेथे हा कायदा लागू नव्हता. १८४२ मध्ये धाकटा मुलगा घोड्यावरून पडून दगावला. आई पोचली तेव्हा सारे संपले होते.

इकडे आपल्याकडे सुधारणेच्या कायद्यातही हाच बाप निराळ्या रूपाने हजर होता. १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्याविषयी आपण शाळेपासून वाचत आलो. विष्णुशास्त्री पंडितांपासून धोंडो केशव कर्व्यांपर्यंतच्या महाराष्ट्रातील चळवळीचा तो कायदेशीर पाया. परंतु त्याचे दुसरे व तिसरे कलम सहसा कुणी उद्धृत करीत नाही. दुसऱ्या कलमानुसार पुनर्विवाह करताच मृत पतीच्या मालमत्तेतून मिळणारा निर्वाहाचा हक्क संपे. तिसऱ्या कलमानुसार, पतीने मृत्युपत्रात पालक नेमलेला नसेल, तर त्याच्या नातेवाइकांना मुलांसाठी पालक नेमण्याचा अर्ज न्यायालयाकडे करता येई. म्हणजे लेकुरवाळ्या विधवेला कायदा पुन्हा कुंकू लावण्याची परवानगी देत होता, आणि त्याच हाताने अन्नवस्त्र काढून घेऊन मूलही पणाला लावीत होता. एकोणिसाव्या शतकातील पुनर्विवाहाच्या कथाकादंबऱ्या वाचताना या दोन कलमांची आठवण ठेवली, तर विधवेचा नकार केवळ रूढीच्या धाकाने येत असेल असे आपण म्हणणार नाही.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ही या प्रकाशात पुन्हा वाचण्याजोगी आहेत. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाई काही वर्षे मुलाला घेऊन त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. धर्मांतरामुळे कुणाचे हक्क जाऊ नयेत असा कायदा १८५० पासूनच अमलात होता, आणि १८९० च्या पालक व पाल्य कायद्याने हयात व पात्र पित्याच्या जागी दुसरा पालक नेमण्यास न्यायालयाला मनाई केली होती. म्हणजे समाज लक्ष्मीबाईंच्या बाजूचा होता, पण कायदा टिळकांच्या. हे घर कोर्टाची पायरी न चढता पुन्हा एकत्र आले, हे त्या दोघांच्या स्वभावाचे श्रेय. कायद्याचे नव्हे.

याच सुमारास भारतात आलेल्या आणखी एका स्त्रीच्या आयुष्यात हा प्रश्न दोनदा उभा राहिला, आणि दोन्ही वेळी ती विरुद्ध टोकांना होती. ॲनी बेझंट १८७३ मध्ये आपल्या पाद्री पतीपासून विभक्त झाल्या, तेव्हा मुलगी त्यांच्याकडे राहील असे लेखी ठरले होते. पण त्या नास्तिक होत्या, आणि संततिनियमनावरील पुस्तक प्रसिद्ध केल्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला होता. १८७८ मध्ये न्यायालयाने एवढ्यावरून त्यांना अपात्र ठरवले आणि मुलगी पित्याच्या हवाली केली. पुढे १९१० मध्ये अड्यारला नारायणय्या यांनी आपल्या दोन मुलांचे पालकत्व बेझंटबाईंना लिहून दिले. त्यांतला थोरला म्हणजे जे. कृष्णमूर्ती. दोन वर्षांनी पित्याने मुले परत मागितली. मद्रास उच्च न्यायालयाने १९१३ मध्ये पित्याच्या बाजूने निकाल दिला, १९१४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला. मुले इंग्लंडमध्ये होती आणि त्यांचे म्हणणे कुणी ऐकलेच नव्हते, हा प्रिव्ही कौन्सिलचा एक महत्त्वाचा आक्षेप होता. पित्याचे पालकत्व हा एक विश्वास आहे, त्याने दुसऱ्यावर सोपवलेले काम तो सामान्यतः परत घेऊ शकतो, हे तत्त्व मात्र त्याच निकालाने पुढच्या अनेक दशकांसाठी पक्के केले. ज्या बाईची मुलगी बापाच्या हक्काने नेली, तिच्याच नावाच्या खटल्यात तो हक्क भारतीय कायद्यात अधोरेखित व्हावा, ही इतिहासाची क्रूर थट्टा म्हणावी लागेल. तरी मूल हीदेखील एक व्यक्ती आहे आणि तिला विचारले पाहिजे, या विचाराची चाहूलही तेथेच लागते.

आता दुसऱ्या शब्दाकडे वळू. ‘ताबा’ हा शब्द आपण शेतासाठी, गाळ्यासाठी आणि मुलासाठी सारख्याच सहजतेने वापरतो. ‘पोटगी’ या शब्दात तर पोटच आहे. भाषेने येथे कायद्याचा हेतू अचूक पकडला, असेच म्हटले पाहिजे. टाकलेल्या बायकोला आणि मुलांना निर्वाहाची रक्कम देवविण्याची तरतूद ब्रिटिशांनी १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत केली. फौजदारी कायद्यात अशासाठी की, उपाशी माणसे रस्त्यावर येऊन शांततेला धोका होऊ नये. प्रश्न हक्काचा नव्हता, बंदोबस्ताचा होता. मर्यादा महिना ५० रुपये. ती १९२३ मध्ये १०० आणि १९५५ मध्ये ५०० झाली. १९७३ च्या नव्या संहितेत हे कलम १२५ झाले, घटस्फोटितेचाही त्यात समावेश झाला, पण आकडा ५०० च राहिला. केंद्रीय कायद्यातील ही मर्यादा उठली ती २००१ मध्ये. शेहेचाळीस वर्षांत धान्याचे भाव कुठच्या कुठे गेले, कायद्यातले पोट तेवढे जागच्या जागी होते.

इंदूरच्या शाहबानो यांना खालच्या न्यायालयाने दरमहा २५ रुपये मंजूर केले होते, उच्च न्यायालयाने ते १७९ रुपये २० पैसे केले. १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या पीठाने ती रक्कम कायम केली, त्यावर देश ढवळून निघाला आणि १९८६ मध्ये संसदेने वेगळा कायदा केला. २००१ मध्ये डॅनियल लतीफी प्रकरणी न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला, पण असा वाचला की घटस्फोटितेच्या पुढील आयुष्याची वाजवी तरतूद पतीने इद्दतीच्या मुदतीतच करून ठेवावी. येथेही कायदा तोच राहिला, वाचन बदलले. २०२० मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात उभय पक्षांनी आपले उत्पन्न व मालमत्ता शपथपत्रावर सांगावी आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे दंडक घालून दिले गेले. कलम १२५ ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे.

ताबा आणि पोटगी हे दोन धागे जेथे एकत्र येतात ते वर्ष १९५६. ऑगस्टमध्ये पालकत्वाचा कायदा झाला, त्यात आई पित्या‘नंतर’. डिसेंबरमध्ये दत्तक व निर्वाहाचा कायदा झाला. त्याच्या विसाव्या कलमानुसार मुलांचे पालनपोषण करण्यास प्रत्येक हिंदू बांधील आहे, पुरुष असो वा स्त्री. येथे ‘नंतर’ हा शब्द नाही. एकाच संसदेने, चार महिन्यांच्या अंतराने, आईला कर्तव्यात बरोबरीने बसवले आणि अधिकारात मागे उभे केले. मला हे दोन कायदे शेजारी ठेवून वाचणे कोणत्याही भाष्याहून अधिक बोलके वाटते.

याचा अर्थ आया स्वस्थ बसल्या होत्या असा नव्हे. गीता हरिहरन यांच्या कितीतरी आधी महाराष्ट्रातील एका शेतजमिनीच्या वादात सर्वोच्च न्यायालयासमोर प्रश्न आला होता की, पतीपासून अनेक वर्षे वेगळ्या राहणाऱ्या आईने मुलीच्या वतीने केलेला व्यवहार वैध काय? बाप हयात होता, पण मुलीकडे पाहत नव्हता. असा बाप असून नसल्यासारखा, म्हणून आईच पालक, असे न्यायालयाने म्हटले. वादी स्त्रीचे नाव जिजाबाई होते. पती दूर असताना पुत्राला घडवणाऱ्या मातेची कथा ऐकत वाढलेल्या प्रदेशाला हा योगायोग नजरेआड करता येणार नाही. २०१५ मध्ये गोव्याहून गेलेल्या एका प्रकरणात, पाच वर्षांखालील मूल ‘सामान्यतः’ आईजवळ असावे या वाक्यातील ‘सामान्यतः’चा अर्थ लावताना, आई अपात्र आहे हे सिद्ध करण्याचा भार पित्यावर आहे, असे न्यायालयाने ठरवले. पुन्हा एक क्रियाविशेषण, पुन्हा एक खटला.

वाचनाने मिळालेल्या न्यायाचे मोल कमी नाही. साहित्याच्या माणसाने तर ते कमी लेखूच नये. तथापि जो अधिकार संहितेत लिहिलेला असतो तो मागावा लागत नाही, आणि जो अधिकार केवळ अन्वयार्थात असतो तो प्रत्येक खिडकीशी नव्याने सिद्ध करावा लागतो. गीता हरिहरन यांच्यापाशी भाषा होती आणि लढण्याची तयारी होती. बँकेच्या रांगेत उभ्या असलेल्या सर्वच आयांपाशी ती असेल असे नाही. विधी आयोगाने मे २०१५ मधील आपल्या २५७ व्या अहवालात या कलमात माता आणि पिता यांना समान स्थान द्यावे अशी शिफारस केली. कलमातला ‘नंतर’ अजून तेथेच आहे.

महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात, शासकीय दस्तऐवजांवर, आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरवण्यात आला आहे. म्हणजे आज शाळेच्या दाखल्यावर पिता मातेच्या नंतर येतो, आणि पालकत्वाच्या कायद्यात माता पित्याच्या नंतर. या मुलांतले एखादे उद्या दोन्ही कागद समोर ठेवून विचारील की, माझे खरे पालक कोण? ‘दोघेही’ हे उत्तर त्याला एका साध्या ‘आणि’ने देता आले असते.