रुप्याचे कण आणि अंकांची घरे

फिल्मवरचे छायाचित्र सरस की डिजिटल, हा वाद आपण पुष्कळदा ऐकतो. परंतु सरस म्हणजे काय, हे ठरविल्यावाचून तो मिटावयाचा नाही. आणि ते ठरवावयाचे तर थोडे मागे गेले पाहिजे.

मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. त्या काळी काचेवर रसायन ओतून ती ओली आहे तोवरच चित्र घ्यावे लागे. पुढे काचेच्या जागी लवचीक फिल्म आली आणि १९१३ साली फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ तीवरच उमटला. तत्त्व मात्र तेच राहिले : प्रकाशाने रुप्याच्या क्षारांचे कण पालटतात आणि औषधी पाण्यात ते काळे होतात.

डिजिटल तंत्रात कणांऐवजी लहान लहान घरे असतात. प्रत्येक घर आपल्यावर पडलेला प्रकाश अंकांत मोजते. कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली केलेल्या कॅमेऱ्याच्या चित्रात अवघे दहा हजार ठिपके होते, आणि ते कॅसेटवर उतरण्यास २३ सेकंद लागत. आज खिशातल्या फोनच्या चित्रातही कोटीवर ठिपके असतात.

आता कसोटी पाहू. भर दुपारी कर्नाळ्याचा सुळका टिपला, तर निगेटिव्ह फिल्मवर झगझगीत ढगांची छटा बहुधा टिकते. डिजिटलमध्ये घर एकदा भरले की पुढचा प्रकाश मोजलाच जात नाही आणि ढग पांढरेफटक होतात. उलट, तिन्हीसांजेच्या अपुऱ्या उजेडात फिल्मचे कण जाडेभरडे दिसतात; तेथे आजचा डिजिटल कॅमेरा निःसंशय वरचढ ठरतो. बारकाव्यातही त्याने नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मला मागे टाकले आहे.

तरीही टिकाऊपणाचा प्रश्न उरतोच. ‘राजा हरिश्चंद्रा’चे आज काही भागच शिल्लक आहेत. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत नायट्रेटच्या जुन्या फिल्म्स भस्मसात झाल्या. आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत तर निगेटिव्हला बुरशी लागावयास एक पावसाळा पुरतो. डिजिटल चित्राची हुबेहूब नक्कल हवी तितकी काढता येते. पण तबकडी बिघडली की सारे एकदम नाहीसे होते. निगेटिव्ह मात्र खिडकीशी धरले तरी दिसते.

पनवेलकरांना हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळविला गेला, गावेही हलली. त्या भूमीचे जुने रूप आता छायाचित्रांतच पाहावयाचे. म्हणून घरातील जुन्या निगेटिव्ह कोरड्या जागी ठेवाव्यात, त्यांच्या डिजिटल नकला कराव्यात, आणि नकला झाल्या म्हणून मूळ मात्र फेकू नये. फोनमधील निवडक चित्रे कागदावर छापून घ्यावीत, मागे गाव व साल लिहावे. नातवंडांना ओळखता येईल, तेच चित्र अखेर सरस.