कंपनी सरकारची वाटणी

१/८ पेशवाई बुडवणारी ईस्ट इंडिया कंपनी १ जून १८७४ रोजी लंडनमध्ये कायद्याने विसर्जित झाली. तिच्या मालमत्तेची वाटणी मात्र चार दशके आधीच सुरू झाली होती. त्या वाटणीत कोणाच्या पदरी काय पडले, त्याची ही हकिकत. #थ्रेड

२/८ १८३३ च्या सनदी कायद्याने कंपनीचा व्यापार बंद केला. जहाजे, गोदामे, शिल्लक माल विक्रीस निघाला. व्यापारी संस्था म्हणून कंपनी तेव्हाच संपली. उरली ती केवळ राज्यकर्ती.

३/८ मग भागधारकांचे काय? ६० लाख पौंडांच्या भागभांडवलावर दरसाल साडेदहा टक्के लाभांश ठरला. म्हणजे वर्षाला ६ लाख ३० हजार पौंड. व्यापार तर उरला नव्हता. ही रक्कम हिंदुस्थानच्या महसुलातून, मुख्यतः शेतसाऱ्यातून, येणार होती.

४/८ १८५७ च्या उठावानंतर, १८५८ च्या कायद्याने कंपनीचा मुलूख, फौज, आरमार आणि मालमत्ता इंग्लंडच्या राणीकडे गेली. कंपनीच्या गोऱ्या शिपायांनाही न विचारता राणीच्या चाकरीत वर्ग केले गेले. त्यांनी विरोध केला आणि १८५९ मध्ये सुमारे १० हजार जण नोकरी सोडून मायदेशी परतले.

५/८ मालमत्ता राणीची झाली. कर्ज मात्र तिच्या खजिन्यावर पडले नाही. त्याच कायद्याने कंपनीची देणी आणि भागधारकांचा लाभांश हिंदुस्थानच्या महसुलावर कायम ठेवला. उठाव मोडण्याचा खर्चही त्याच खाती पडला.

६/८ लेडनहॉल स्ट्रीटवरील कंपनीचे मुख्यालय विकले गेले आणि १८६१ मध्ये पाडले गेले. तिचे संग्रहालय १८७९ मध्ये विभागले गेले. टिपू सुलतानाचा लाकडी वाघ आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. दप्तर आता ब्रिटिश लायब्ररीत आहे. पेशवाईच्या अखेरच्या पर्वाचा अभ्यास करणाऱ्यांना आजही ते चाळावे लागते.

७/८ १८७४ मध्ये भागधारकांना दर १०० पौंडांच्या भागामागे २०० पौंड देऊन हिशेब मिटवण्यात आला. तत्पूर्वी ४० वर्षांत त्याच १०० पौंडांवर ४२० पौंड लाभांश मिळाला होता.

८/८ एरवी संस्था मोडते तेव्हा तिची मालमत्ता विकून देणी भागवतात. येथे मालमत्ता एकाकडे गेली आणि देणी दुसऱ्याच्या माथी आली. राज्य राणीला मिळाले, मोबदला भागधारकांना मिळाला. आणि किंमत मोजली ती ज्याचा मुलूख हस्तांतरित झाला, त्या रयतेने.