ओमाहा!

नेब्रास्का राज्यातले शहर. इथे मात्र त्या शहराशी संबंध नाही. ठरलेली चाल ऐनवेळी बदलली आणि चालीच्या घड्याळात थोडेच सेकंद उरले, की अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक (चाल चालवणारा गडी) पेटन मॅनिंग ‘आता चेंडू लगेच मागे द्या’ या अर्थी ही आरोळी ठोकत असे. अशा बदलाला ‘ऑडिबल’ म्हणतात. त्याला प्रशिक्षकाविरुद्धची बंडखोरी म्हणणे पटत नाही; हा मामला मोजणीचा आहे. चेंडूजवळ बचावाचे किती गडी दाटले आहेत, हे क्वार्टरबॅक आधी पाहतो. आपले अडवणारे सहा आणि समोर आठ असतील, तर मधून धावण्यात हशील नाही; पण तेवढे जण पुढे आले म्हणजे मागे मैदान मोकळे पडले, तेव्हा पास. समोर सहाच असतील तर खुशाल धावावे. बचावफळी मुद्दाम फसवी मांडणी करते, मग मोजून उपयोग काय, असे कोणी म्हणेल. त्यावरही तोड आहे: चाल सुरू होण्याआधी आपला एक गडी आडवा पळवायचा. समोरचा एकजण त्याच्यामागे धावला तर बहुधा माणसागणिक पहारा, नाहीतर जागेगणिक. राहिला प्रशिक्षकाचा अधिकार. तो अनेकदा दोन चाली एकदमच पाठवतो आणि निवड क्वार्टरबॅकवर सोडतो. शिवाय चालीच्या घड्याळात १५ सेकंद उरताच प्रशिक्षकाच्या सूचना पोचवणारा हेल्मेटमधला रेडिओ बंद होतो. १२ जानेवारी २०१४ रोजी सॅन डिएगो चार्जर्सविरुद्ध मॅनिंगने ‘ओमाहा’ ही आरोळी ४४ वेळा दिली; सामना त्याच्या डेन्व्हर ब्रॉन्कोजने २४-१७ असा जिंकला.