वलंदेजांची भट्टी आणि आपली नानकटाई

वाचकहो, दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली, की पेडगावासारख्या गावातून परभणीला निघालेल्या बाईच्या पिशवीत काय असते, हे आपणांस ठाऊक आहेच. मैदा, पिठीसाखर, तुपाचा डबा, पुडीत थोडा वेलदोडा. माझी आई अशीच जात असे आणि मी तिचे बोट धरून. भट्टीवर रांग लागलेली. प्रत्येकीचे पीठ वेगळे मळायचे, पत्र्यावर गोळे मांडायचे आणि कोपऱ्यात नावाची चिठ्ठी ठेवायची. आपला पत्रा दुसरीच्या डब्यात जाऊ नये म्हणून आई भट्टीच्या तोंडावरून नजर हलवीत नसे. संशय भट्टीवाल्याचा नव्हे हो, शेजारणीचा! आमच्या तुपाला दुसरे तूप सरायचे नाही, अशी तिची खात्री.

आता ही नानकटाई आली कुठून? नाव सांगते, की ती घरची नव्हे. नान म्हणजे फारसीत भाकरी. खताईचा संबंध काही जण ‘खता’ म्हणजे चीन देशाशी जोडतात. तिच्या जन्माची गोष्ट मात्र सुरतेची सांगतात, आणि तिथे आपल्याला भेटतात डच, म्हणजे हॉलंडचे लोक. आपल्या जुन्या कागदांत त्यांना ‘वलंदेज’ म्हटले आहे. आज्ञापत्रात टोपीकरांविषयी सावध राहा म्हणून जे बजावले आहे, त्या यादीत हे वलंदेजही आहेत.

त्यांची व्यापारी कंपनी 1602 साली निघाली. मिरे, नीळ, कापड यांच्या मागे ते सुरतेस आले, आणि 1637 च्या सुमारास आपल्या वेंगुर्ल्यासही त्यांनी वखार घातली. 1664 च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा इंग्रजांप्रमाणे हेही आपली वखार धरून बसले होते. एवढी माणसे परदेशी राहायची म्हणजे त्यांना रोजचा पाव हवा. म्हणून भट्टी आली.

सुरतेत सांगतात ते असे. डचांचे बस्तान उठले, तेव्हा त्यांची भट्टी त्यांच्या पदरच्या एका पारशी कामगाराकडे आली. दोटीवाला हे त्या घराण्याचे नाव. आपल्या बेकरीचे साल ते 1861 सांगतात. गिऱ्हाईक गेले, पाव उरू लागला. वाळलेला पाव पचायला हलका म्हणून लोक नेऊ लागले, आणि पुढे त्याच भट्टीत नानकटाई भाजली गेली. ही परंपरेने आलेली हकीकत आहे. तिचा प्रत्येक दुवा दप्तरात सापडेल, असे मी म्हणणार नाही. पण 1824 च्या तहाने डचांनी हिंदुस्थानातील आपली ठाणी इंग्रजांना दिली, हे पक्के आहे. माणसे गेली नि भट्टी राहिली, इतके त्यावरून पटते.

मला कुतूहल आहे ते पुढच्या पायरीचे. पाव आमच्या घरांत सहजासहजी शिरला नाही. तो फुगवायला ताडी वापरीत, आणि परक्याच्या हातचे शिजलेले खायचे नाही, हा निर्बंध होताच. विहिरीत पाव टाकला नि सारे गाव बाटले, अशा गोष्टी कोकणात अजून सांगतात. मग नानकटाई कशी शिरली? माझ्या मते, तिच्यात ताडी नाही, अंडे नाही, आणि सामान आपले आपण न्यायचे. भट्टीवाल्याची फक्त आग. आमच्या भट्टीवाले चाचा मुसलमान होते. त्यांच्या घरचे पाणी न पिणारी आजी त्यांच्या भट्टीतली नानकटाई देवापुढे ठेवून मग आम्हांला देई. विचारले तर म्हणे, “अग्नीला कसला विटाळ?” आजी शाळेत गेली नव्हती, पण तिने आपल्यापुरती वाट काढली होती. चाचांना हे माहीत होते काय? असणारच. ते काही बोलत नसत, आणि चिठ्ठी मात्र कधी चुकवीत नसत. आज ते आठवले म्हणजे मला आजीपेक्षा चाचांचा मोठेपणा अधिक जाणवतो.

तिकडे खुद्द हॉलंडात काय झाले? गौडा नावाच्या गावी सुमारे दोनशे वर्षांपूर्वी बेकरीवाले उरलेला चुरा पाकात घोळवून स्वस्त खाऊ करू लागले, असे सांगतात. त्यातून निघाले ‘स्ट्रोपवाफल’. लोण्याच्या पिठाचा गोळा चौकटीचौकटीच्या तापल्या साच्यात दाबायचा, गरम आहे तोच आडवा चिरायचा, आत घट्ट पाक भरून पुन्हा मिटवायचा. आपल्या गूळपोळीचा हा लांबचा भाऊच म्हणा. तिथले लोक तो चहाच्या वाफाळत्या पेल्यावर झाकण घालून ठेवतात, म्हणजे आतला पाक सैल होतो. बाजारात साच्यावरून निघालेला ऊन ऊन विकत घेऊन उभ्याउभ्या खाणे, ही त्याची खरी रीत.

नानकटाईचे उलटे. ती ऊन असताना हातात घेतली तर भुगा होतो. निवल्यावरच अंग धरते. त्यामुळे आई पत्रा निघाला, की माझा हात धरून ठेवी. अर्धा तास तो वास घेत बसायचे! दोन वाट्या मैद्याला वाटीभर तूप नि वाटीभर पिठीसाखर, हे तिचे प्रमाण. चाचा पाव काढून झाल्यावर, भट्टीची धग उतरली, की मगच पत्रे सारीत. नाहीतर वरून करपते नि आत कच्चे राहते.

परवा दिवाळीआधी त्या गल्लीत गेलो होतो. चाचांचा नातू भट्टीशी होता. तीन बाया रांगेत होत्या, आणि त्यांतली एक आपल्या पत्र्यावरून नजर हलवीत नव्हती.